ट्रकला ऑइल कॅच कॅन बसवावा का? आधी ब्रीदरची नळी कुठे जाते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१८ चा बीएस-४ चौदा फुटी ट्रक, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, पावणेतीन लाख किलोमीटर झालेले, चाकण–हुबळी फेऱ्या. एअर फिल्टर बदलताना टर्बोच्या (इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी आणि इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये ऑइल दिसलं. एक मिस्त्री म्हणतो दीड हजाराचा ऑइल कॅच कॅन (ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या नळीत बसवायचा, ऑइल गोळा करणारा डबा) लावून टाका, दुसरा म्हणतो इंजिन खोला. काय करू?

आज यातलं काहीच करू नका. कॅनला माझा विरोध नाही, माझ्या दोन्ही ट्रकना तो आहे. पण पहिल्या ट्रकला मी तो चुकीचा आणला आणि चुकीच्या वेळी बसवला, त्याचा भुर्दंड सोसला, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. औंधच्या आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला, भोसरीत सात वर्षं गॅरेजवर काढली. आता जाताना चाकणच्या प्रेस शॉपचं पंचिंग स्क्रॅप शिरोलीच्या फाउंड्रीला न्यायचं आणि येताना तिथलं कास्टिंग आणायचं, असा माझा धंदा आहे. म्हणजे कोल्हापूरपर्यंत तुमचा-माझा रस्ता एकच.

आधी इंजिनात काय चाललंय ते बघू. पिस्टनभोवतीच्या रिंगा अगदी नव्या असल्या तरी कडेने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल असलेल्या तळाच्या भागात, उतरतोच. त्यालाच आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. तो बाहेर पडला नाही तर चेंबर फुगतं आणि सीलं फाटतात, म्हणून ब्रीदर दिलेला असतो. या गॅसबरोबर ऑइलचं बारीक धुकं येतं, काजळी येते आणि पाण्याची वाफ येते. पाणी कुठून आलं असं अनेक जण विचारतात. एक लीटर डिझेल जळलं की साधारण एक लीटर पाणी वाफ होऊन तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण रिंगांतून उतरणाऱ्या गॅसबरोबर थोडं खालीही येतं.

जुन्या ट्रकांत ब्रीदरची नळी सरळ चेसिसखाली सोडलेली असायची. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जमिनीवर जे काळे ठिपके दिसतात, त्यातले कित्येक या नळ्यांचेच. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही नळी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपला जोडायची पद्धत आली. गॅस बाहेर न सोडता इंजिनानेच परत ओढून जाळायचा. तुमची नळी अशी जोडलेली असेल तर पाइपमधल्या ऑइलचा निदान काही भाग या वाटेने आलेला असणार.

त्यात ईजीआर असेल तर सायलेन्सरचा थोडा धूर थंड करून परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांत, सोडलेला असतो. त्यात काजळी असते. नुसती काजळी कोरडी राहते, बरीचशी हवेबरोबर पुढे निघून जाते. ऑइलचा हात लागला की तीच चिकटते आणि थरावर थर चढून डांबरासारखी घट्ट होते. माझ्या पहिल्या ट्रकचं मॅनिफोल्ड तीन लाखांच्या पुढे खोललं तेव्हा एका पोर्टमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या तोंडात) जेमतेम अंगठा जाईल एवढीच वाट उरली होती. गाडी घाटात ओढत नाही, काळा धूर मारते, म्हणून मी पंप आणि नोझल तपासत बसलो होतो. कॅच कॅनचा खरा फायदा या ठिकाणी आहे. तो काजळी थांबवत नाही, तिला चिकटवणारं ऑइल कमी करतो. इंटरकूलरच्या आतल्या भिंतीला ऑइलचा लेप बसला की हवा नीट थंड होत नाही, रबरी होज मऊ पडून फुगतात, तेही कमी होतं.

मग लगेच का बसवू नये? कारण कॅन ऑइल गोळा करतो, ते का येतंय हे सांगत नाही. इंटरकूलरच्या होजला बोट फिरवून काळा ओशट थर लागला तर पावणेतीन लाखांच्या गाडीत मी त्याची काळजी करत नाही. पण होज वाकवल्यावर ऑइल ओघळून खाली पडत असेल तर ते निव्वळ ब्रीदरचं असण्याची शक्यता कमी. त्यामागची कारणं शोधताना मी पुढच्या क्रमाने जातो. सगळ्यात स्वस्त कारण आधी.

पहिलं म्हणजे ऑइलची पातळी. ड्रायव्हरला वाटतं थोडं जास्त असलेलं बरं, लांबचा पल्ला आहे. पट्टीवर वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं की क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) ते घुसळते, धुकं वाढतं आणि सगळं ब्रीदरकडे जातं. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा. दुसरं एअर फिल्टर. चाकणच्या आतल्या रस्त्यांवरची, वाघोलीच्या क्रशरकडची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ब्रीदरमधूनही जास्त ऑइल खेचते, टर्बोच्या सीलमधूनही. तुम्ही फिल्टर बदलताना हे ऑइल बघितलंत. जुना फिल्टर किती काळा होता, आठवून बघा.

तिसरं टर्बो. पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवं किंचित हलणं चालतं, पण पंख्याची पाती घराला घासत असतील तर टर्बोचं काम निघालं. त्याचबरोबर टर्बोमधून ऑइल खाली चेंबरला आणणारी जाड नळी बघा. तिच्यात पंपाचा दाब नसतो, ऑइल आपल्या वजनाने उतरतं. ती चेपली असेल किंवा आत कार्बनने बुजली असेल तर ऑइल टर्बोतच साठतं आणि सीलवरून दोन्हीकडे गळतं. टर्बो बदलला आणि महिन्याभरात पुन्हा ऑइल, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या मी भोसरीत बऱ्याच बघितल्या, आणि त्यातल्या काहींत दोष या साध्या नळीचा होता.

चौथं बॅक कॉम्प्रेशन. इंजिन चांगलं गरम करून आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरणं ठीक. उडून पडत असेल, आणि भोकातून ठोक्याठोक्याला धूर येत असेल, तर रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) संपत आलेत. मग कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजून घ्या. एकच सिलिंडर खाली असेल तर गोष्ट वेगळी, चारही खाली असतील तर वेगळी. अशा इंजिनाला कॅन लावणं म्हणजे फुटलेल्या पाइपखाली बादली ठेवणं. बादली भरत राहील, तुम्ही रोज ओतत राहाल, आणि तोवर लायनर आणखी झिजेल. ऑइल किती पितंय याची वही ठेवलीत का? माझा स्वतःचा हिशोब असा आहे की हजार किलोमीटरला एक लीटर टॉप-अप लागायला लागला की कॅनचा विषय बंद आणि इंजिनकामाचे पैसे बाजूला काढायला सुरुवात.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी एका जूनमध्ये घाईत नाना पेठेतून एक कॅन आणला. चकचकीत ॲल्युमिनियमचा, दिसायला सुंदर. त्याच्या नळ्यांची तोंडं बारा मिलीमीटरची होती आणि माझ्या ब्रीदरची नळी पंचवीसची. मधे रिड्यूसर टाकला आणि बसवला. व्यास निम्मा झाला की गॅसला जायची वाट चौथाईवर येते, हे शाळेतलं गणित त्या दिवशी मी केलं नाही. आत भांडी घासायच्या तारेसारखा चोथा भरलेला होता. दीड महिना गाडी चालली. पावसाळ्यात डब्यात पाणी आणि ऑइल मिळून ताकासारखा पांढरट लगदा तयार झाला आणि तो चोथ्यात बसला. डबा भरलेला नव्हता, म्हणून बाहेरून काही कळायचा प्रश्नच नव्हता.

खंबाटकी घाट चढताना, गाडी पूर्ण भरलेली, केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास यायला लागला. माथा ओलांडून सुरूरच्या अलीकडे बाजूला घेतली आणि केबिन उचलली. ऑइलची पट्टी चार बोटं वर आली होती आणि आजूबाजूला सगळीकडे ऑइल उडालेलं. ब्रीदरची वाट बुजल्यावर चेंबरच्या दाबाने पट्टी वर ढकलली होती. कॅनची नळी काढून टाकली, ऑइल भरलं, हळूहळू कोल्हापूर गाठलं. वाटलं, थोडक्यात निभावलं. पुढच्या आठवड्यात क्लच घसरायला लागला. क्रँकचं मागचं सील त्या दाबाने गेलं होतं आणि ऑइल क्लच प्लेटवर आलं होतं. सील किरकोळ किमतीचं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला, क्लच प्लेट नवी टाकावी लागली, आणि गाडी चार दिवस उभी राहिली. फाउंड्रीचा माल दुसऱ्याने नेला.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वर टर्बोच्या परतीच्या नळीबद्दल लिहिलं. चेंबरमध्ये दाब वाढला की त्या नळीतून ऑइल उतरायचं थांबतं. म्हणजे टर्बोत येणारं ऑइल थांबवायला लावलेला कॅन बुजला, तर त्यानेच टर्बो ऑइल फेकायला लागतो. तुमचा मिस्त्री हे सांगणार नाही, कदाचित त्याच्या ध्यानातही नसेल.

तर वरच्या चारही गोष्टी ठीक निघाल्या, इंजिन तब्येतीने बरं आहे, आणि ब्रीदरची नळी खरोखर टर्बोच्या पाइपला जोडलेली आहे, असं असेल तर कॅन बसवा. तुमच्यासारख्या भरलेल्या, घाटात चालणाऱ्या गाडीला, त्यातही ईजीआर असेल तर, त्याचा उपयोग होतो. नळी जर चेसिसखाली उघडी सोडलेली असेल तर कॅनने इंजिनाचं काहीच भलं होणार नाही, फक्त जमीन स्वच्छ राहील. आणि मग तुमच्या इंटरकूलरमधलं ऑइल ब्रीदरचं नाहीच, ते टर्बोचं. तो शोध वेगळा.

कॅन घेताना आधी तोंडं मोजा. ब्रीदरच्या नळीएवढी किंवा मोठी हवीत, रिड्यूसर अजिबात नको. आत आडव्या पट्ट्या हव्यात, म्हणजे गॅसला वळणं घेत जावं लागतं आणि जड थेंब पट्टीवर आपटून खाली पडतात. येणारं आणि जाणारं तोंड समोरासमोर असलेला रिकामा डबा काही कामाचा नाही, गॅस एका बाजूने येतो आणि तसाच दुसऱ्या बाजूने जातो. जाळी असेल तर स्टेनलेसची, आणि जाणाऱ्या तोंडावर छिद्रांची पक्की पट्टी. लोखंडी चोथ्याचे तुकडे गंजून सुटले तर ते थेट टर्बोच्या पंख्यावर जातात, आणि तो पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. मला असा तयार मिळाला नाही, म्हणून भोसरीतल्या एका वेल्डरकडून स्टेनलेसचा दोन लीटरचा डबा करून घेतला, खाली बॉल व्हॉल्व्ह आणि बाजूला पातळी दिसणारी नळी. साडेचार हजार गेले. दीड हजारात हे होत नाही.

होजसाठी ऑइलला टिकणारी, आत धागा असलेली नळी मागा. रेडिएटरची उरलेली होज लावू नका. ती पाण्यासाठी केलेली असते, ऑइलने फुगते, मऊ पडते आणि ओढीने आतल्या आत चपटी होते. डबा इंजिनावर न लावता चेसिसला किंवा पक्क्या ब्रॅकेटवर बसवा, ब्रीदरच्या तोंडापेक्षा खाली, आणि टर्बो किंवा सायलेन्सरच्या वर कधीही नको. गळून तापलेल्या लोखंडावर ऑइल पडलं तर आग लागते. नळीला मधे कुठे पोट येऊ देऊ नका, तिथे पाणी साठून वाट बंद होते. सगळं झालं की केबिन उचलून आणि बसवून बघा, नळी कुठे चेपत नाही ना.

आता माझी सर्वात आवडती तपासणी. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन-तीन मीटर आणा. तिचा इंग्रजी यू आकार करून फळीला बांधा, निम्मी पाण्याने भरा, दोन्ही बाजू हातभर उंच ठेवा म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. एक टोक ऑइलच्या पट्टीच्या नळीला हवाबंद जोडा, दुसरं उघडं. इंजिन गरम असताना आयडलला आणि मग दीड-दोन हजार आरपीएमला दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मोजपट्टीने मोजा. हे कॅन बसवण्याआधी करा आणि बसवल्यावर त्याच आरपीएमला पुन्हा करा. दाब आधीपेक्षा वाढला तर कॅन गॅसला अडवतोय, काढून टाका. उभ्या गाडीत वाढ थोडी दिसली तरी सोडून देऊ नका, भरलेल्या गाडीला घाटात बॅक कॉम्प्रेशन कितीतरी जास्त असतं. मी जूनमध्ये ही पन्नास रुपयांची नळी लावली असती तर गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली नसती.

काही जण दुसरी नळी टर्बोकडे न नेता डब्यावरच छोटा फिल्टर लावून गॅस बाहेर सोडतात. ते करू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. कंपनीने बंद केलेली वाट उघडणं हा गाडीत केलेला बदल आहे आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असल्या बदलांना मनाई करतं. पण कायद्याहून मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. आपल्या गाड्यांत इंजिन केबिनखाली असतं. तो गॅस सीटच्या खालून वर येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ड्रायव्हर तिथे दहा-दहा तास बसतो. इंजिन चालू ठेवून तिथेच डोळा लागला तर काय होईल, विचार करा.

बीएस-६ गाडी असती तर मी एका ओळीत नाही म्हणालो असतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत ब्रीदरला कंपनीचाच चांगला सेपरेटर (गॅसमधून ऑइल वेगळं करणारा भाग) असतो, काहींत वेळेवर बदलायचा फिल्टर असतो, आणि वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच. तिथे तो फिल्टर वेळेवर बदलणं आणि डीपीएफसाठी (धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरसाठी) सांगितलेलं कमी राखेचं ऑइल वापरणं एवढं केलं तरी पुष्कळ.

यूट्यूबवर अमेरिकन पिकअपना कॅन लावलेले बघून तुम्ही विचारलं असेल, तर तिथली भानगड निराळी आहे. त्यातली बहुतेक पेट्रोल इंजिनं आहेत, थेट सिलिंडरमध्ये फवारणीवाली. पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि ऑइलचा कार्बन त्यांच्या मागच्या बाजूवर बसतो. फोर्डने एफ-१५० च्या साडेतीन लीटर इकोबूस्ट इंजिनाला २०१७ च्या मॉडेलपासून थेट फवारणीच्या जोडीला पोर्टमध्येही फवारणी दिली, त्याचा एक फायदा व्हॉल्व्ह धुतले जाण्याचा आहे. आपल्या डिझेलला तो मार्गच नाही, म्हणून आपण काजळी आणि ऑइल यांचाच हिशोब ठेवायचा.

बसवण्याआधी एक काम विसरू नका. इंटरकूलर आणि त्याचे पाइप काढून आतलं साठलेलं ऑइल पूर्ण निथळवा. ते एकदम इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन पळतं, म्हणजे किल्ली बंद केली तरी थांबत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं, ऑइलवर चालत असतं. काठोकाठ भरलेला कॅनही हेच करू शकतो. तुमच्या ड्रायव्हरला आजच सांगून ठेवा: असं झालं तर वरचा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. हवेच्या पाइपवर हात ठेवायचा नाही.

डबा रिकामा करायचा म्हणजे किती दिवसांनी? माझ्या गाडीत कोल्हापूरच्या जाऊन-येऊन एका फेरीला तीस ते चाळीस मिली निघतं, पावसाळ्यात पाण्यामुळे साठच्या घरात. मी उन्हाळ्यात आठवड्याला आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक फेरीला काढतो, मोजमापाच्या कपात, आणि वहीत लिहितो. पावसाळ्यात पांढरट लगदा निघाला म्हणून घाबरू नका. पण तोच पांढरटपणा ऑइलच्या पट्टीवर दिसला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघावा लागेल. निघालेलं ऑइल परत इंजिनात ओतायचं नाही आणि गटारातही नाही. मी ते डब्यात साठवतो आणि सर्व्हिसिंगच्या जुन्या ऑइलबरोबर अधिकृत रीसायकलरकडे जाऊ देतो.

शनिवारी गाडी रिकामी असेल तेव्हा पट्टी, फिल्टर, टर्बोचा शाफ्ट आणि उलटं झाकण एवढं बघून घ्या, दोन तासांचं काम आहे. ब्रीदरची नळी कुठे जाते ते आणि पाण्याच्या नळीतल्या फरकाचा आकडा इथे टाका, म्हणजे डब्याचं माप मी सांगतो.